मूठभर कोंड्याचा माणूस

कासारवाडीला आम्ही खोली बघायला गेलो तेव्हा घरमालकानं दारातच सांगून टाकलं, की खोली काही घेण्याजोगी नाही. भिंतींना ओल आहे, ढेकूण आहेत, उन्हाळ्यात पत्रा तापतो आणि मागच्या गोठ्याचा वास थेट चुलीपर्यंत येतो. आमचे हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. पिंपरीला औषधांचा कारखाना नुकता सुरू झाला होता, ह्यांना तिथे पॅकिंगमध्ये नोकरी लागली होती, आणि चिपळुणाहून ट्रंक-वळकटी घेऊन आलेलं आमचं बिऱ्हाड नात्यातल्या माणसांच्या ओसरीवर पडून होतं. मी म्हटलं, ढेकणांचं आम्ही बघून घेऊ, तुम्ही खोली तर दाखवा. आणि काय सांगू, खोली सुरेख होती! सारवलेली, हवेशीर, पुढे चिंचेची सावली. मी बोलून गेले, "अहो, चांगली तर आहे." त्यासरशी त्या गृहस्थानं वाकून चिमूटभर माती उचलली, उंबऱ्यावरून ओवाळली आणि बाहेर फेकली. हे माझ्या कानाशी म्हणाले, माणूस वेडा दिसतो, पण भाडं परवडतंय. खोली घेतली.

वेडे नव्हते ते. चाळिशीच्या आसपासचे, उंच, खांद्यांनी रुंद, हातापायांनी धडधाकट. पण उभे राहायचे ते असे, की आत्ता कुणीतरी येऊन 'सर बाजूला' म्हणणार आहे आणि आपण सरकायला तयार असावं. मिशा चांगल्या झुबकेदार आणि नाकपुडीला मात्र बायकांसारखं भोक. टोचलेलं नाक पुरुषाच्या तोंडावर मी पहिल्यांदाच पाहत होते, त्यामुळे पहिले काही दिवस त्यांच्याशी बोलताना माझी नजर तिथेच जायची. त्यांच्या ते ध्यानात यायचं आणि ते तळहात नाकावर ठेवून बोलायचे. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. ते नाव त्यांना कुणी कौतुकानं ठेवलेलं नव्हतं, आणि सगळा गाव दिवसभर ते ओरडत असे तेवढं पुरे झालं. मी 'मालक' म्हणायची. तेही त्यांना सोसायचं नाही. म्हणायचे, "मालक नगा म्हनू ताई. आमी आपलं ठेवलेलं हाय. ठेवलंय तंवर हाय." हे 'ठेवलंय तंवर' त्यांच्या तोंडी येता-जाता असे. ताप आला, ठेच लागली, बैल उधळला, कशावरही तेच.

आम्ही राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात ते दारात आले आणि ह्यांच्याकडे जुना सदरा मागितला. आता बघा, नदीपर्यंत ज्याचं शेत, गोठ्यात बैलजोडी, वर खोल्यांचं भाडं, त्या माणसानं कारखान्यातल्या कामगाराकडे जुना सदरा मागावा! ह्यांचं मन मोठं. ह्यांनी दिवाळीत शिवलेला, दोनदाच अंगाला लागलेला सदरा काढून दिला. दुसऱ्या दिवशी घडी घालून परत आला. नवं आमाला चालत न्हाई, इटलेलं असंल तर बघा, असा निरोप. शेवटी कोपरावर फाटलेला एक दिला, तो मात्र त्यांनी डोक्याला लावून घेतला. पुढे कळलं, की अंगावरचं सगळंच असं मागून आणलेलं असतं. धोतर एकाचं, मुंडासं दुसऱ्याचं, पायातली वहाण स्टेशनावरच्या पोर्टरची.

नदीकाठच्या मळ्यात काकड्या काढायचे आणि टोपली घेऊन स्टेशनाबाहेर बसायचे. गिऱ्हाईक आलं की पहिलं वाक्य, "कडू हायती, बघून घ्या." लोक हसायचे आणि घ्यायचे, कारण त्या काकडीसारखी गोड काकडी त्या पट्ट्यात मिळत नसे. कुणी तोंडावर तसं बोललंच, तर हा माणूस पुन्हा माती उचलून टोपलीवरून ओवाळणार. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, चांगल्याला चांगलं म्हटलं तर तुमचं काय जातं?" ते नुसते माझ्याकडे बघत राहिले, लहान मुलानं विस्तवाकडे हात नेल्यावर बघतात तसे.

घरात त्यांच्याखेरीज एक म्हातारी होती. तिला ते 'वहिनी' म्हणायचे आणि अहो-जाहो करायचे. वहिनी, तुमी जेवला का; वहिनी, तुमचं औषद आणलंय. म्हणजे थोरल्या भावाची विधवा बायको असणार, असं मी धरून चालले होते. भाऊ गेला, मूलबाळ नाही, दिराच्या आश्रयाला राहिलेली. पण आश्रयाला राहिलेल्या बाईचं हे तोंड! सकाळपासून त्या दिराचा उद्धार चाललेला. मढं, किडकं, उकिरड्या, कुठं जाऊन मेलास. जेवायला वाढायची ते पायरीवर, चेपलेल्या जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या थाळीत. आल्यागेल्याला पितळी ताट आणि घरच्या कर्त्या पुरुषाला ती कुत्र्याची थाळी. ते मुकाट्यानं जेवून थाळी घासून पालथी घालायचे. मला अशी चीड यायची त्या म्हातारीची! ह्यांना म्हणायची, मी त्या जागी असते तर कधीच तिला रेल्वेत बसवून माहेरी पाठवलं असतं.

एकदा मात्र एक गोष्ट पाहिली आणि कोड्यात पडले. मी गोठ्यामागे गोवऱ्या आणायला गेले होते. म्हातारी कुडाच्या आडोशाला उभी राहून नदीच्या वाटेकडे बघत होती. वाटेवर हे मालक, डोक्यावर टोपली घेऊन चढ चढत येत होते. ते वळणावर दिसेनासे झाले तशी ती दोन पावलं पुढे झाली, मान उंच केली, पुन्हा दिसल्यावर जरा निवांत झाली. अंगणाजवळ आले तसं लगबगीनं आत शिरली आणि आतून ओरडली, "आलं का मढं?"

माझं पहिलं बाळंतपण तिथेच झालं. माहेरी आई नव्हती, तेव्हा जाणार कुठे? सुईण म्हातारीनंच आणली आणि सगळं नीट झालं. मुलगी झाली. बारशाआधी मालक दारात आले, आत यायला तयार होईनात. मी मुलगी उचलून दाखवली. त्यांनी लांबून पाहिलं. डोळे भरून आले होते, हे मी स्वतः पाहिलं, आणि तोंडानं म्हणाले, "कसलं वंगाळ ध्यान ह्ये. माकडाचं पिल्लू हाय निस्तं." माझ्या अंगाचा भडका उडाला. ओली बाळंतीण मी, पहिलटकरीण. तोंडाला येईल ते बोलले. तुमच्या घरची रीत तुमच्या घरात ठेवा, माझ्या मुलीला नाव ठेवायचं नाही, उद्याच आम्ही खोली सोडतो. त्यांचा चेहरा असा पडला, की मला बोलता बोलता थांबावं लागलं. निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पायरीवर येऊन बसले. मान खाली. म्हणाले, "ताई, चांगलं म्हनलं की नजर जाती. जगावं म्हनून तसं बोललो." मग त्यांनी सगळं सांगितलं. आपलं स्वतःचं नव्हे, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

म्हातारी त्यांची वहिनी नव्हती. आई होती. सख्खी, जन्म दिलेली. त्यांच्या आधीची तिची सगळी मुलं गेली होती, काही प्लेगात, काही मानमोडीच्या साथीत. थोरला तर चांगला हाताशी आलेला. त्यानंतर हे पोटात राहिले तेव्हा गावातल्या बायाबापड्यांनी तिला सांगितलं, की तुझं मूल देवीच्या डोळ्यावर येतं. तू त्याला आपलं म्हणूच नकोस. जन्मल्याबरोबर सुईणीनं त्यांना सुपात घालून मागच्या दारानं नेलं आणि उकिरड्यावर ठेवलं. रेल्वेमार्गासाठी खडी फोडणाऱ्या लोकांची पालं तेव्हा स्टेशनाजवळ पडली होती. त्यातल्या एका बाईच्या पदरात धडधाकट लेकरांची रांग. तिनं ठरल्याप्रमाणे सूप उचललं, मूठभर कोंडा किंमत म्हणून आईच्या ओटीत टाकला आणि म्हणाली, पोर माझं, तू सांभाळ. नाक टोचलं. नाव कचऱ्यातलं ठेवलं. तेव्हापासून ते त्या खडी फोडणाऱ्या बाईचे आणि आई नुसती राखण करणारी. नवा कपडा नाही, चांगलं ताट नाही, गोड शब्द नाही, आणि आईला आई म्हणायचं नाही.

ही रीत पुष्कळ घरांत होती, मी माझ्या आजोळीही ऐकली होती. पण तिला शेवट असतो. मुलगा हाताखालून निघाला, लग्नाला आला, की त्या विकत घेणारीला लुगडं-चोळी द्यायची, तिचा कोंडा तिला परत करायचा आणि मूल परत घ्यायचं. इथे घोटाळा असा झाला, की बाईला ना नाव विचारलं होतं ना गाव. पालं उठली, पुढे कुठल्या खाणीवर गेली कुणास ठाऊक. मूल जगल्याच्या आनंदात कुणाच्या ध्यानातच आलं नाही, की ही पुन्हा कशी सापडायची.

माण गावातल्या एका घरची मुलगी त्यांना सांगून आली होती. पसंती झाली, सुपारी फुटायची राहिली होती. पण हळदीला वरमाय कोण म्हणून बसणार? म्हातारी म्हणाली, लोकाच्या लेकराला त्याच्या आईला विचारल्याबिगर मी हळद कशी लावू? चुलतीला बसवू, दुसऱ्या कुठल्याही खडीवालीला लुगडं देऊ, देवळात कौल लावू, लोकांनी नाना वाटा काढल्या. म्हातारी हलली नाही. तिचं एकच म्हणणं, जिनं घेतला तिच्याचकडून घ्यायचा, दुसरीकडून घेतला तर देवीला फसवल्यासारखं होईल आणि ती माझ्या डोळ्यांदेखत त्याला उचलेल. तळेगाव, लोणावळ्यापर्यंत लाईनीनं माणसं हिंडवली. बाई मिळाली नाही. मुलीकडच्यांनी एक सुगी वाट पाहिली आणि तिला पिंपळे गुरवला देऊन टाकली. मालक काकड्या घेऊन त्या गावात जायचे, तिची मुलं त्यांना 'मामा' म्हणायची. मी विचारलं, वाईट नाही वाटत? तर म्हणाले, "बरं झालं की. चांगल्या पोरीच्या गळ्यात कचरा आला असता."

मुलीच्या जातीला परक्याचं धन म्हणतात. आम्ही बायका ते ऐकतच वाढतो, पण आम्हाला निदान जायला एक घर तरी असतं. हा पुरुष असून परक्याचं धन, आणि परका कोण, तेच ठाऊक नाही. जन्मभर स्वतःच्या घराच्या पायरीवर बसून राहिला.

त्यानंतर मी म्हातारीकडे वेगळ्या डोळ्यांनी बघायला लागले. ती शिव्या देत होती, पण मालकांना जरा खोकला आला की तिचा आवाज आणखी चढायचा. जितकी भीती तितकी मोठी शिवी. मला एकीकडे तिची दया यायची आणि एकीकडे रागही यायचा, की बाई, तू त्याला जगवलंस खरं, पण काय म्हणून जगवलंस?

मग म्हातारी आजारी पडली. पाय सुजले, पोटात पाणी झालं, बाजेवरून उठेना. डॉक्टरनं ह्यांना बाजूला घेऊन सांगितलं, की फार दिवस नाहीत. त्याच सुमाराला कारखान्याच्या वसाहतीचं बांधकाम निघालं आणि दगड फोडणाऱ्यांची पालं माळावर आली. म्हातारीला कुणाच्या तरी बोलण्यातून ते कळलं. तिनं मला जवळ बोलावलं, माझा हात घट्ट धरला. म्हणाली, "बाळे, एकदा बघून ये. हनुवटीवर तीन टिपक्यांचं गोंदन हाय तिच्या. मला एकदा त्याला माझा म्हनायचंय. मंग मी डोळं मिटते."

मी आणि मालक माळावर गेलो. ते माझ्या मागे मागे. पालांमध्ये एक अगदी जख्ख म्हातारी चुलीपुढे बसली होती, डोळ्यांत फूल पडलेलं, हनुवटीवर गोंदण. मी कासारवाडी म्हटलं, सूप म्हटलं, कोंडा म्हटलं. ती बोळक्या तोंडानं हसली. म्हणाली, कितीतरी घेतली मी, बाई. जिथं पाल पडंल तिथं बाया यायच्या. माझी जगत होती ना तवा. मग म्हणाली, की आता तिची स्वतःची दोनच उरली होती. तीच ती बाई होती की नाही, देव जाणे. मी फार खोलात गेले नाही. मी मालकांना पुढे केलं. तिनं हातानं चाचपून त्यांचा दंड पाहिला, खांदे पाहिले, तोंडावरून हात फिरवला. "जगलास व्हय रं? केवढा झालास!" म्हणाली. कौतुकानं म्हणाली, उघड उघड. मला वाटलं आता हे माती उचलतात. त्यांनी उचलली नाही. ते तिच्या पायावर वाकले आणि म्हणाले, "आई, तू घरला चल." इतक्या सहज, जणू रोज म्हणत असावेत. मी तोंड फिरवलं. घरात एक बाई त्या शब्दासाठी मरायची थांबली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात बाज आणली. खडीवालीला लुगडं-चोळी, नारळ. मालकांना नवं धोतर, नवा सदरा; तो ह्यांनीच पिंपरीच्या बाजारातून आणला. आयुष्यात पहिल्यांदा नवं कापड अंगावर चढलं. मापाला उभं केल्यासारखे अवघडून उभे होते, सारखी मान खाजवत होते. म्हातारीनं मूठभर कोंडा खडीवालीच्या ओटीत टाकला. तिनं मालकांचा हात धरून म्हातारीच्या पदरात दिला आणि म्हणाली, "तुझं तुला दिलं गं बाई." जमलेल्या बायका डोळे पुसत होत्या. म्हातारी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. शेवटी म्हणाली, "मेल्या, किती वाळलास," आणि हमसून रडली.

त्या दुपारपासून मात्र तिचं तोंड सुटलं. जन्मभर दाबून धरलेलं सगळं बाहेर यायला लागलं. माझ्या राजा, माझ्या सोन्या, वाघा माझ्या, जेवलास का, उन्हातनं का आलास. दिवसभर तेच. मालकांना माझ्याच हातून पितळी ताट वाढायला लावलं तिनं. ते ताट पुढ्यात घेऊन बसून राहिले. ती झोपल्यावर जर्मनच्या थाळीत काढून घेऊन जेवले, आणि दुसऱ्या दिवशी अंगात पुन्हा ह्यांचा कोपरावर फाटलेला सदरा.

आठवड्यानं माझ्या दारात आले. चेहरा काळजीनं उतरलेला. म्हणाले, म्हातारीचं डोकं ठिकाणावर नाही, मेलेल्या पोरांना हाका मारत असते. मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अहो, तुम्हालाच हाक मारताहेत त्या. तुम्हीच राजा." ते हसले. मी त्यांना हसताना पाहिलं ते तेवढंच. म्हणाले, "मला कशाला कोन राजा म्हनंल, ताई? त्यो थोरला हुता. लई देखना हुता म्हनत्यात." मी परोपरीनं सांगितलं, रागावले, हात जोडले. मान हलवत गेले. मला पटवता आलं नाही. जन्मभर जे एका माणसानं त्यांना ऐकवलं, ते मी दोन घटकांत कसं पुसणार होते?

शेवटच्या दिवशी दुपारी म्हातारीला धाप लागली. मी उशाशी होते, मालक पायथ्याशी बसून तिचे पाय चोळत होते. तिनं डोळे उघडले आणि हात लांब केला. "राजा," म्हणाली, "माझ्या लेकरा, जवळ ये की रं. एकदा आई म्हन." मालकांनी मागे वळून दाराकडे पाहिलं. दारात कुणी नव्हतं. मी खुणेनं त्यांना सांगत होते, तुम्ही, तुम्हीच, पुढे व्हा. ते पुढे झाले. तिच्याच पदरानं तिचं तोंड पुसलं, केस मागे सारले, आणि लहान मुलाची समजूत घालावी तसे हळू आवाजात म्हणाले, "वहिनी, तुमची लेकरं कवाच गेली वो. हितं कुनी न्हाई. मीच हाय निस्ता."

म्हातारीनं त्यांच्याकडे डोळे भरून पाहिलं. त्यानंतर तिनं हाक मारली नाही.